सगळे एका लाँचमध्ये बसायचे नाही

आमच्याकडे मुंबईला दोन दिवस जायचं ठरलं, की आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरायचं. सुट्ट्या सगळ्यांना तोंडपाठ असत. बघायची असे ती तिथी. नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा, वरसोली, थळ या अलिबागच्या किनारपट्टीत १९७०च्या आगेमागे जन्मलेल्या आम्हा पोरांना भरतीचं गणित त्रैराशिकाच्या आधी येत असे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसा तीच, रात्री तीच. त्यात सहा तास मिळवले की सुकती. रेवस बंदरात गाळ एवढा, की पाणी उतरल्यावर लाँच धक्क्याला लागायची नाही. मग एक तर चिखलाकडे बघत बसायचं, नाहीतर लहान होडीतून पोरंबाळं, पिशव्या, नारळ असं सगळं लाँचपर्यंत न्यायचं. आजी सोबत असली की होडीचं नावही काढायची सोय नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत हे गणित हमखास आडवं यायचं. वसुबारस म्हणजे वद्य द्वादशी, सकाळी नऊची भरती, लाँचला अगदी सोयीची. पण तेव्हा घरात चकल्यांचा घाणा चालू असताना निघणार कोण? भाऊबीज आटोपून निघावं, तर तृतीया-चतुर्थीला सकाळी आठ-नऊ वाजता खाडी रिकामी. म्हणजे अंधारात उठून पहाटेच धक्का गाठायचा, नाहीतर दुपार होईपर्यंत थांबायचं. घरात ज्याला तेरावं लागलं त्याच्या हातात अण्णा कालनिर्णय देत आणि म्हणत, "भरती तू काढ." त्या दिवसापासून तो मुलगा किंवा मुलगी घरातल्या मोठ्यांच्या बैठकीत बसायला मोकळी. अमुक वर्षाचे झालात म्हणून तुमचं मत विचारतो, असं आम्हाला कोणी कधी सांगितलं नाही. काम दिलं जायचं आणि कामाबरोबर मत आपोआप यायचं.

घर मोठं होतं. नारळी-पोफळीची वाडी, विहीर, मागे गोठा. अण्णा, म्हणजे माझे मोठे काका, वाडी बघत. बाबा अलिबागला सरकारी कचेरीत. मधले काका लालबागला, गिरणीत. आत्या गिरगावात. चुलत-आते भावंडं मिळून आम्ही जी टोळी होतो, ती सगळी दोन-चार वर्षांच्या अंतराने एकदमच मिसरूड फुटायच्या आणि वेणीला रिबीन नको वाटायच्या वयाला आली. आता विचार करते तेव्हा घरातल्या बायकांचं नवल वाटतं. एकाच वेळी एवढी वयात आलेली पोरं, घरात बाथरूम एक आणि आरसा एक.

तारीख ठरली की पोस्टकार्डं जायची. पंधरा पैशांचं कार्ड, एक लालबागला, एक गिरगावला. जिल्ह्याचं नाव १९८१ साली कुलाब्याचं रायगड झालं, तरी अण्णा पुढे कितीतरी वर्षं मु. पो. नागाव, जि. कुलाबा असंच लिहीत आणि त्या पत्त्यावर उत्तर बिनचूक पोचत असे. आत्याच्या उत्तराची आम्ही वाट बघायचो, कारण तिचं उत्तर म्हणजे आमच्या दौऱ्याचा अर्धा आराखडा. ती मायन्याशिवाय दुसरं काही वायफळ लिहीत नसे. पाणी पहाटे पाच ते सहा. पोरांच्या आंघोळी आदल्या रात्री उरकाव्या. शेजारच्यांची खोली रात्रीपुरती मिळेल, मुलग्यांना तिकडे झोपवू. येताना सोडे आणावे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आमच्यासारखी फौज कशी मावायची, याचं कोडं त्या चार ओळींत सुटलेलं असे. शहरात हॉटेलात उतरतात हे आम्हाला सिनेमातून माहीत होतं. आपल्या माणसांची शहरं वेगळी असतात आणि तिथे आपल्यासाठी कोणीतरी शेजारची खोली मागून ठेवलेली असते, एवढंच आम्ही धरून चाललेलो होतो.

मग यायचा आजीचा नियम. सगळे एका लाँचमध्ये बसायचे नाही.

हा नियम आमच्या एकट्या घराचा नव्हता. रेवस-मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत कितीतरी घरांत तो बोलून किंवा न बोलता पाळला जायचा. १७ जुलै १९४७ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकापाशी बुडाली. आषाढी अमावास्येला गावी यायला निघालेले चाकरमानी, बाजार करून परतणारे, कोळी, व्यापारी. सहाशेंहून जास्त माणसं गेली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून काही जणांना वर ओढलं, काही पोहून आले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. १५ ऑगस्टला सगळीकडे दिवे लागले, आमच्या पट्ट्यात कितीतरी दारं तेव्हा सुतकातून नुकती कुठे बाहेर येत होती. आजीने ते दिवस पाहिलेले होते. तिच्या माहेरच्या आळीतल्या एका घरातून बाप आणि दोन मुलगे एकाच बोटीत होते. त्या घराबद्दल ती कधीच सविस्तर बोलली नाही. मुंबईचा बेत ठरला की फक्त एवढंच म्हणायची, "अर्धे येष्टीने जा."

त्यामुळे आमच्या सहलीची पहिली वाटणी व्हायची ती माणसांची. कोण लाँचने, कोण एसटीने. एका आईची दोन मुलं एकीकडे नकोत, नवरा-बायको एकीकडे नकोत, म्हातारं माणूस लाँचकडे नको. आणि दोन्हीकडे एक एक मोठं पोर हवं, चौदा-पंधरा वर्षांचं, ज्याला पत्ता पाठ आहे आणि ज्याच्याकडे निम्मे पैसे आहेत. पैशाची पिशवी आजीने शिवलेली, खणाची, आत दोन कप्पे. एकात जाण्याचे, एकात येण्याचे. येण्याच्या कप्प्याला हात लावायचा नाही. माझ्याकडे ती पिशवी पहिल्यांदा आली तेव्हा मी नववीत होते. परकराच्या नाडीला ती बांधलेली, आणि पेणच्या स्टँडवर भेळ खायची तीव्र इच्छा झालेली असताना मी भावंडांना नाही म्हटलं, हे मला अजून आठवतं. मोठेपणा काही शाळेत शिकवून येत नाही. तो मला त्या दिवशी पेणच्या स्टँडवर कळला.

एसटीवाल्यांचा रस्ता पोयनाड, वडखळ, पेण, पनवेल करत मुंबई सेंट्रलला जायचा. गाडी भरलेली, टपावर सामान, वडखळला उतरून पाय मोकळे करायचे. लाँचवाले सुखी. अलिबागहून रेवसची गाडी चोंढी मागे टाकून कनकेश्वराच्या डोंगराकडेने जायची, मग मिठागरांचा वास आणि धक्का. तिथून दीड तासाचा प्रवास. पण त्या दीड तासात काय काय दिसायचं! करंज्याचा डोंगर, घारापुरी, बुचर बेटावरच्या तेलाच्या टाक्या, लांबवर तुर्भ्याच्या अणुभट्टीचा घुमट, नांगरून पडलेली प्रचंड जहाजं आणि त्यांच्या काळ्या बाजूंवर परक्या लिपीतली नावं. सारंग ओळखीचा असेल तर मोठ्या पोरांना चाकाजवळ उभं राहू देई. काशाचा खडक आला की बायका हात जोडत. कोणी पाण्यात फूल टाकी. आम्ही पोरंही त्या पाच मिनिटांत गप्प बसायचो. सांगावं लागत नसे. मग समोर गोदीच्या क्रेन दिसायला लागत, कालवा वाढत जाई आणि भाऊ अजिंक्य यांनी बांधलेल्या त्या धक्क्यावर आम्ही मासळीच्या टोपल्या, हातगाड्या आणि बर्फाच्या लाद्यांमधून वाट काढत उतरायचो.

लाँचवाले आधी पोचायचे. मग लालबागच्या चाळीच्या गॅलरीत एसटीवाल्यांची वाट बघणं. फोन तळमजल्यावरच्या दुकानात, पण वडखळला अडकलेली एसटी कोणाला फोन करणार? काका काही बोलत नसत; दर दहा मिनिटांनी उठून कठड्यापाशी जात. एसटीवाले जिना चढून आले, की काकू सगळ्यांच्या हातांवर साखर ठेवायची. आता साखर का, हे मी तिला कधी विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी सगळे सुखरूप पोचले की मुंबई सुरू.

आणि मग खरा वाद.

मोठ्यांची मुंबई आणि आमची मुंबई यांत काडीचाही मेळ नव्हता. मोठ्यांची मुंबई म्हणजे माणसं. गिरगावची आत्या, डिलाइल रोडचे मामा, परळला गावकीतले, दादरला बाबांचे शाळासोबती. एकाकडे गेलं आणि दुसऱ्याकडे गेलं नाही तर पुढच्या लग्नापर्यंत रुसवा टिकायचा. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी 'केवढी मोठी झाली गो', प्रत्येक घरी कॉटच्या कडेवर बसून मार्क सांगायचे. पंधरा वर्षांच्या पोराला याहून मोठी शिक्षा नाही. लहान होतो तोवर म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला मत्स्यालय झालं की आम्ही खूश. पण आता दादाला वरळीचं नेहरू तारांगण बघायचं होतं. ते १९७७ साली सुरू झालेलं, आणि दादा शाळेत जाता-येता अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणाशी थांबणारा मुलगा. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मापनं बिघडणार, म्हणून १९०४च्या सुमारास ते काम अलिबागला आणलं गेलं, हे त्याला त्याच्या मास्तरांनी सांगितलेलं. मुंबईच्या गडबडीपासून लांब म्हणून निवडलेल्या गावातला मुलगा आकाश बघायला मुंबईला जायचं म्हणत होता. धाकट्या चुलतभावाला वानखेडे स्टेडियम. ताईला शिवाजी मंदिरात नाटक. मला दादरला आयडियलमध्ये जाऊन पुस्तकं हातात घेऊन बघायची होती. विकत घेण्याचं म्हणत नव्हते, नुसती बघायची.

तोडगा दादानेच काढला. दोनशे पानी वहीचं शेवटचं पान फाडून त्याने उभी रेघ मारली. डावीकडे 'घरं', उजवीकडे 'मुंबई'. दिवसाला दोन घरं, त्याहून जास्त नाही. ज्यांच्याकडे या खेपेला गेलो नाही त्यांच्याकडे पुढच्या खेपेला आधी जायचं आणि तसं पोस्टकार्ड आत्ताच टाकायचं. उजवीकडे प्रत्येकाने एकच गोष्ट लिहायची. एकच. आणि ती सगळ्यांनी मिळून बघायची, तोंड वाकडं न करता. अण्णांनी पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "घरं अडीच ठेव. दादरवाल्यांकडे उभ्या उभ्या जाऊ." दादाने अडीच लिहिलं.

पान फिरत फिरत आईकडे गेलं. "मला काय, तुम्ही जाल तिथे," ती म्हणाली. दादा ऐकेना, रिकामी ओळ चालणार नाही म्हणाला. आईने बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली आणि लिहिलं, राणीची बाग. आम्हा पोरांचे चेहरे पडले. पिंजऱ्यातला वाघ बघायचं आमचं वय का होतं? पण नियम नियम होता.

राणीच्या बागेत आई एकाही पिंजऱ्यापाशी थांबली नाही. बाग १८६२ची, तिथली झाडंही त्या काळातली जुनी. ती सरळ गोरखचिंचेच्या बुंध्यापाशी गेली आणि त्याला हात लावून उभी राहिली. मग एकेक झाड. पाट्या वाचायची, नाव पुन्हा मनाशी म्हणायची, खाली पडलेलं पान उचलून मागून-पुढून बघायची. वाडीत सून म्हणून आल्यापासून ती नारळ, पोफळी, जायफळ, मिरवेल यांच्यात राबत होती. झाड नुसतं बघायला म्हणून तिला कोणी कुठे नेलेलं नव्हतं. उर्वशीचं झाड कोणतं, असं तिने तिथल्या माळ्याला विचारलं आणि तो चकित होऊन तिला दाखवायला घेऊन गेला. हे नाव तिला कुठून ठाऊक? कुठल्यातरी मासिकात वाचलं होतं म्हणे. आम्ही बाकावर बसून तिच्याकडे बघत होतो. आपल्या आईला काहीतरी आवडतं, जे आपल्याशी, घराशी, स्वयंपाकाशी जोडलेलं नाही, हे चौदाव्या वर्षी कळणं मला फार मोठं वाटतं. ते त्या पानामुळे कळलं.

वानखेडेचं गेट बंद होतं. फटीतून हिरवळ दिसली, भावाला तेवढी पुरली. तारांगणात दिवे मालवल्यावर अण्णांना झोप लागली आणि बाहेर आल्यावर त्यांनीच सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर सगळ्यांत पुढची सीट हा कोणाच्याच ओळीत न लिहिलेला, पण प्रत्येकाचा हक्क होता.

हे सगळं सुखाचं. पण १९८२चं साल सांगितल्याशिवाय आमच्या पिढीची मुंबई पुरी होत नाही. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, त्यांत आमचे काका. उन्हाळा गेला, पाऊस गेला, संप चालूच. दिवाळीला जायचं का, यावर घरात बैठक बसली. बाबांचं म्हणणं, त्यांच्याकडेच खायची पंचाईत, आपण आठ-दहा तोंडं घेऊन कसं जायचं? आजी म्हणाली, "जायचं. न्हाई गेलो तर त्यांना वाटेल आपली माणसं टाळतात. पन हात हलवत जायचं न्हाई." त्या वर्षीच्या यादीत 'मुंबई' अशी उजवी बाजूच नव्हती. तांदळाचं पोतं एसटीच्या टपावर चढलं. वाल, नवे पोहे, सोडे, सुकट, नारळ, गुळाची ढेप. आम्ही पोरांनी दोन दिवस लालबाग सोडलं नाही. चाळीच्या जिन्यात एरवी भोंग्याच्या वेळेला पायांचा धबधबा असायचा. त्या वर्षी पुरुषमाणसं दिवसभर गॅलरीत बसलेली. काका आम्हाला गिरणीच्या बंद दारापर्यंत घेऊन गेले, आपलं खातं कुठे होतं ते भिंतीबाहेरून बोटाने दाखवलं आणि परत आणलं. एवढंच.

परतताना काकांची दोन्ही मुलं आमच्याबरोबर होती, दप्तरांसकट. नागावच्या शाळेत त्यांची नावं घातली गेली आणि ती आमच्यातच वाढली. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. काका पुढे इकडे-तिकडे नोकऱ्या करत राहिले, गिरणीत परतले नाहीत. कोकणातल्या किती घरांनी त्या काळात अशी मुंबईची मुलं आपल्या पंगतीत बसवली, याचा कोणी हिशेब ठेवलेला नाही. पण पुढच्या सगळ्या बेतांत ही दोघं आमची वाटाडे झाली. कुठल्या बसला कुठे उतरायचं, कुठल्या थिएटरात दुपारी स्वस्त तिकीट मिळतं, हार्बरची गाडी कुठल्या फलाटावर येते, सगळं त्यांना पाठ. गावात त्यांना भरती काढता येत नव्हती आणि मुंबईत आम्हाला रस्ता ओलांडता येत नव्हता. एकमेकांचं शिकलो.

आमच्या मागच्या भावंडांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्या वाट्याला १९९३ आलं. स्फोटकं उतरली ती आमच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळ शेखाडीच्या किनाऱ्यावर, आणि १२ मार्चला स्फोटांनी मुंबई हादरली. त्या मे महिन्यात आमच्या घरातून कोणी गेलं नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला आपल्या किनाऱ्याची एवढी लाज आणि एवढा राग कधी वाटला नसेल. मग १९९५च्या दिवाळीत 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' मराठा मंदिरला लागला. अलिबागची एसटी थांबायची तिथून थिएटर हाकेच्या अंतरावर. धाकट्यांनी उजव्या बाजूला सगळ्यांनी मिळून हे एकच नाव लिहिलं होतं, म्हणजे पाच जणांची पाच मतं एकाच सिनेमाला. दादाचा नियम मोडत नव्हता, म्हणून अण्णांनी मान्य केलं.

आजी त्याच्या आधीच गेली. तिच्यानंतरही अर्धे एसटीने जाण्याची पद्धत काही वर्षं टिकली. मग एकदा सगळे एकत्र लाँचमध्ये बसलो. कोणी काही बोललं नाही. आईने मात्र खडकापाशी नारळ सोडला.

आता आमची मुलं त्या वयाची आहेत. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो २०२०पासून जाते, गाडीसकट. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते चिर्ले जवळजवळ बावीस किलोमीटर, मोटारीने सरळ. रेवस-करंजा पूल आम्ही मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून ऐकत आलो, त्याचंही काम निघालं आहे. हे व्हायलाच हवं होतं. बाळंतपणाला अडलेली बाई, छातीत दुखणारा माणूस भरतीची वाट बघत धक्क्यावर थांबला आहे, हे आम्ही पाहिलेलं आहे. त्या दिवसांची मला आठवण येते. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही.

पण एक गोष्ट हातची चालली आहे. जाणं सोपं झालं तसं ठरवणं कोणाच्या घरात राहिलं नाही. आईबाप फोनवर खोली बघतात, पैसे भरतात, सकाळी गाडीत बसा म्हणतात. मागच्या सीटवर पंधरा वर्षांची मुलगी कानांत बोंडं घालून बसते आणि मग आपणच म्हणतो, हिला कशात रस नाही. रस कसा असेल? बेतात तिचा हात कुठे लागला? मुंबईही बदलली आहे, तिला दाखवण्यासारखं कमी नाही. राणीच्या बागेत पेंग्विन आले. जुन्या डिझेलच्या डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात बंद झाल्या, विजेवरच्या आल्या. पुढची सीट अजून आहे. कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो धावते. पण हे सगळं मुलांच्या वयाला पुरेल असं मी धरून चालत नाही. कोणाला गिरणगावातली जुनी चिमणी बघायची असेल, कोणाला नुसतं एखाद्या मोठ्या पुस्तकाच्या दुकानात दोन तास बसायचं असेल, कोणाला मैत्रिणीबरोबर एकटीने लोकलने चार स्टेशनं जाऊन यायचं असेल. विचारल्याशिवाय कळत नाही. आणि आईला, आजीलाही विचारल्याशिवाय कळत नाही.

गेल्या सुट्टीत मी माझ्या मुलांपुढे आणि भाचरांपुढे कागद ठेवला. आधी कंटाळले. मग भाचा म्हणाला, घरं कशाला, व्हिडिओ कॉल करू. मी म्हटलं, एक तरी लिही. त्याने लालबागच्या आजोबांचं लिहिलं. ते म्हणजे आमचे काका. चाळ पाडून तिथे टॉवर झाला आहे आणि काका आता वरच्या मजल्यावर राहतात. गेलो. काकांनी पोरांना खिडकीपाशी नेलं आणि खालच्या काचेच्या इमारतींमधून बोट फिरवत आपलं खातं कुठे होतं ते दाखवलं. भाच्याने त्यांना इतके प्रश्न विचारले, की तो दिवस दुसरं काहीच बघून झालं नाही.

सुट्टीत मुलांना घेऊन कुठल्याही शहरात जाणार असाल, मुंबई असो, पुणे असो, पणजी असो, तर घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला आधी अर्धे पैसे द्या आणि कागद-पेन्सिल द्या. यादीत एक ओळ त्याची, एक तुमची, एक आजीची असू द्या. आणि एक तरी घर ठेवा.